बहात्तर तासांचा उपास

सहदेव पाष्टे त्या दिवशी अर्धी रजा टाकून नौपाड्यात गेला तो ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणायला. पन्नास पट्ट्यांची एक डबी, सुयांचं पाकीट आणि ग्लुकोज पावडरचे दोन पुडे. औषधाच्या दुकानातला माणूस आता त्याला ओळखू लागला होता. पहिल्यांदा त्याने "घरात कुणाला शुगर आहे?" असं विचारलेलं तेव्हा सहदेव म्हणाला होता, "आहे कुठे, नाहीये. तोच तर घोळ आहे." दोघंही हसले होते. या सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं तेवढंच होतं.

पिशवी घेऊन तो दुकानाबाहेरच्या पायरीवर जरा टेकला. वरच्या मजल्यावर डॉक्टरांची चारची वेळ होती आणि अजून वीस मिनिटं हातात होती. सहदेव दमला होता. दिवसभर राबून माणूस दमतो आणि रात्री झोपला की उतरतो, ते दमणं वेगळं. गेले कित्येक महिने त्याने सलग चार तास झोप घेतली नव्हती. रात्री बाराला, तीनला आणि पाचला मोबाइलचा गजर होई. तो उठे, शीलाला बसती करी, तिच्या तोंडात पेज, केळं, शिरा, जे असेल ते घाली आणि ती नीट गिळतेय ना ते बघत बसे. सकाळी आंबिवलीहून निघून वागळे इस्टेटमधल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा कापणाऱ्या मशीनवर उभं राहायचं. डोळा लागला तर बोटं जातील अशा मशीनवर. बिल्डिंगमधल्या बायका मात्र शीलाकडे बघून कौतुक करत. दोन वर्षांत ती अठरा किलोंनी वाढली होती. "संसार मानवला गं तुला," म्हणत.

शीला त्याची दुसरी बायको. पहिली रुपाली, ती आठ वर्षांपूर्वी गेली.

हे सगळं सुरू झालं तेही रुपालीच्याच दिवशी. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला सहदेवच्या घरी गेलेल्या बाईच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालतात. स्वयंपाक दुसरीने करायचा आणि सवाष्ण जेवून उठेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा सहदेवच्या थोरल्या बहिणीचा, सुमतीअक्काचा नियम. अक्का डोंबिवलीला राहायची, पण नियम आंबिवलीपर्यंत पोचायचे. दोन वर्षांपूर्वी जेवायला यायची बाई कुठेतरी अडकली. बारा वाजले, दोन वाजले, तीन वाजले. शीला पहाटेपासून उपाशी ओट्याशी उभी होती. खीर आटत आली तेव्हा अक्काने हाक मारली, तर उत्तर नाही. सहदेव आत गेला. शीला घामाने निथळत होती, हातातला डाव थरथरत होता आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तो कुणी वाटसरू आहे. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि म्हणाली,

"सहदेव, पाणी दे रे."

शीलाने लग्नापासून त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती 'अहो' म्हणायची. त्याला नावाने आणि अरेतुरे करणारी घरात एकच बाई होऊन गेली होती. रुपाली आणि तो आंबिवलीच्या एकाच चाळीत लहानाचे मोठे झालेले, लग्नानंतरही तिच्या तोंडात 'अहो' काही बसलं नव्हतं.

अक्का घाबरणाऱ्यातली नव्हती. तिने देव्हाऱ्यातला अंगारा चिमूटभर खिरीत कालवला आणि चार चमचे शीलाच्या तोंडात घातले. दहा मिनिटांत शीलाने डोळे चोळले, आजूबाजूला बघितलं आणि "अगंबाई, खीर लागली का खाली?" असं विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं. अक्काने सहदेवकडे असं बघितलं की बोलायची गरजच उरली नाही. रुपाली आली, आपल्या वाटणीचं खाऊन गेली.

पुढे गावाहून गुरवाने कौल लावून सांगितलं की पहिलीचा आत्मा अडकलाय, दुसरीने अकरा शुक्रवार कडक उपास करावेत. शीलाने केले. दर शुक्रवारी संध्याकाळी, शिफ्ट लागल्यासारखी, रुपाली हजर. अंगाऱ्याचं साखरपाणी दिलं की जायची. म्हणून आणखी एकवीस शुक्रवार. भुकेने जे दुखणं वाढत होतं त्यावर या शहाण्या माणसांनी उपासाचं औषध चालवलं होतं आणि उतारा पडत होता साखरेने, पण नाव होत होतं अंगाऱ्याचं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. मार मात्र एकट्या शीलाला बसत होता.

आता सहदेवची गोष्ट. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती.

प्रेस शॉपमध्ये शिफ्टवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. एकाचा फोन बघता बघता पंजा गेला तेव्हापासूनचा तो नियम. आठ वर्षांपूर्वी सहदेव सेकंड शिफ्टला होता. रात्री अकराला लॉकर उघडला तर रुपालीचे अकरा मिस्ड कॉल. सगळे संध्याकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यानचे. ती बाथरूमच्या दाराशी पडली होती, डोक्यातली नस फुटली होती. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, पण कल्याण यायच्या आत सगळं संपलं. पडल्यावर ती पंधरा मिनिटं शुद्धीवर होती आणि त्या पंधरा मिनिटांत तिने दुसऱ्या कुणालाही फोन केला नव्हता, फक्त त्याला. काय सांगायचं होतं तिला? मदत मागायची होती, की आणखी काही? दुसरं लग्न झालं, आठ वर्षं गेली, पण तो प्रश्न काही त्याला सोडेना.

मग जेव्हा शीलाच्या तोंडून पहिल्यांदा त्या फोनची गोष्ट आली, एका शुक्रवारी, अक्का नसताना, "मी फोन केलेला रे...", तेव्हा सहदेवच्या हातात साखरपाण्याचा पेला होता आणि तो तसाच राहिला.

"काय सांगायचं होतं?" त्याने विचारलं.

"सांगते... ये ना जवळ..."

तो जवळ गेला. ती काहीतरी पुटपुटली, मग तिचे डोळे फिरले आणि त्याने घाईघाईने पेला तिच्या ओठांना लावला. शीला परत आली. उत्तर राहिलं.

पुढच्या खेपेला तो दोन मिनिटं थांबला. त्याच्या पुढच्या खेपेला पाच. दर वेळी वाटायचं, आत्ता सांगेल, आणखी एक मिनिट. त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. साखर विरघळलेला पेला हातात धरून, समोर बायको घामाने भिजून कापतेय आणि आपण मेलेल्या बायकोशी बोलत बसलोय, हे काय चाललंय हे त्याला दिसत होतं. तरी तो थांबायचा. एकदा शीलाला मोठी आकडी आली, जीभ चावली गेली, तोंडातून रक्त आलं. तेव्हा मात्र त्याचं काळीज हललं आणि त्याने अंगारे गुंडाळून ठेवून दवाखान्याची वाट धरली. सहा महिने फिटच्या गोळ्या झाल्या. मग कल्याणच्या एका तरुण डॉक्टरला आकडी चालू असतानाच बोटाला सुई टोचून बघायची बुद्धी झाली. साखर चौतीस. त्याने चिठ्ठी दिली, नौपाड्याच्या क्षिप्रा मॅडमच्या नावाने.

"स्वादुपिंडात बारीकशी गाठ असावी," क्षिप्रा मॅडम आज पुन्हा समजावून सांगत होत्या. बाई पन्नाशीच्या, आवाज हळू, घाई अजिबात नाही. "आपण जेवलो की इन्सुलिन सुटतं आणि पोट रिकामं असलं की थांबतं. ही गाठ थांबतच नाही. रक्तातली साखर संपत जाते. मेंदूला खायला दुसरं काही चालत नाही हो, तो आधी उपाशी पडतो. मग माणूस भलतंच बोलतं, ओळखत नाही, भांडतं. लोकांना वाटतं, वेड लागलं किंवा अंगात आलं."

"पण मॅडम, जे बोलते ते... म्हणजे तिला माहीत नसलेलं बोलते."

"तुम्ही कधी सांगितलेलंच नसेल कशावरून? घरात माणूस बरंच ऐकत असतं." त्या थांबल्या. "बरं, झटका आल्यावर साखर द्यायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"लगेच," सहदेव म्हणाला. "दोन मिनिटं फार तर."

मॅडमनी लिहून घेतलं. पक्कं करायला एकच तपासणी होती. हॉस्पिटलात ठेवून जास्तीत जास्त बहात्तर तास उपास. फक्त पाणी आणि कोरा चहा. ठरावीक वेळाने रक्त काढायचं आणि साखर पुरेशी उतरून लक्षणं दिसली की त्याच क्षणी नमुना घेऊन ग्लुकोज चढवायचं. "सिस्टर असतीलच, पण नातेवाइकाने जवळ बसायचं. बोलण्यात जराही फरक वाटला की बेल. एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही. चाळीसच्या खाली मेंदूचं जे जातं ते परत येईलच असं नाही."

सहदेवने मान हलवली. त्याच्या मनात जे आलं ते सांगायलाच हवं. त्याच्या मनात आलं, की गाठ निघाली तर रुपाली कायमची गेली.

मंगळवारी रात्री आठला शीलाने वरणभाताचा शेवटचा घास खाल्ला आणि उपास सुरू झाला. ठाण्यातलंच हॉस्पिटल, चौथा मजला, दोन खाटांची खोली, दुसरी खाट रिकामी. ऐश्वर्या नावाची सिस्टर दिवसा असायची. चटपटीत मुलगी, बोलता बोलता सुई टोचून मोकळी व्हायची.

शीला मजेत होती. तिला उपासाची सवय लावून ठेवली होती घरच्यांनी.

"अहो, तुम्ही जेवून या ना खाली. माझ्यासमोर उपाशी बसून काय पुण्य लागणारे तुम्हाला?"

"भूक नाहीये."

"मला आहे. सुटले की आधी वडापाव. मग ऑपरेशन." मग मशीनकडे मान वळवून, "किती झाले सिस्टर? एकसष्ट? नाबाद ना?"

ऐश्वर्या हसायची. बुधवार गेला. बुधवारची रात्र गेली. आकडे एक-एक करून उतरत होते आणि रक्त काढायच्या वेळा जवळ येत चालल्या होत्या. गुरुवारी दुपारी शीलाची थट्टा कमी झाली. तिने सहदेवचा हात ओढून घेतला.

"मी भलतंच बोलायला लागले तर लगेच बेल मारा हां. मला भीती वाटते हो."

"कशाची?"

"मधल्या वेळात मी कुठे जाते ते मला कळत नाही. काळोख असतो नुसता. कुणीतरी दार लावून घेतं आणि मी बाहेर राहते... तुम्ही उघडता म्हणून मी आत येते." ती ओशाळून हसली. "साखर द्यायला वेळ नका लावू, एवढंच."

सहदेव खिडकीकडे बघत राहिला. त्याला स्वतःचा इतका राग आला होता की तिच्याकडे बघवेना. त्याने मनाशी ठरवलं, बस झालं. आज बेल.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला साखर एकोणपन्नास होती, पण शीला शुद्धीवर होती, नीट बोलत होती. पुढचं रक्त साडेसातला. ऐश्वर्या जाताना बेलची वायर सहदेवच्या मांडीवर ठेवून गेली. "काहीही झालं तर दाबा काका. मी रजिस्टर भरून येतेच, माझं हँडओव्हर आहे."

सात वाजले. तिन्हीसांजेची वेळ होती. खिडकीबाहेर आभाळ तांबूस होऊन विझत चाललं होतं आणि खोलीतली ट्यूब लावायची राहून गेली होती. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, पण काचेमुळे ते कुठेतरी खोल, पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. फिनेलचा वास होता. एसीच्या जाळीत काहीतरी थांबून थांबून टकटकत होतं. सहदेवच्या पापण्या मिटत होत्या. सत्तेचाळीस तास तोही खुर्चीतच होता. डोकं एकदा छातीवर पडलं आणि त्याने दचकून वर बघितलं, तर शीला त्याच्याकडेच बघत होती.

तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. गाऊन गळ्याशी भिजला होता. सहदेवचा अंगठा बेलवर गेला.

"सहदेव... दिवा नको लावूस."

अंगठा तिथेच थांबला.

"रुपाली?"

"हं..."

"सिस्टरना बोलावतो. मॅडम म्हणाल्यात, लगेच..."

"त्यांना काय कळतंय... ठेव ते बाजूला. थोडाच वेळ आहे आपल्याला..."

ते खरं होतं. थोडाच वेळ होता. उद्यापरवा गाठ सापडेल, पोट उघडतील, गाठ काढतील आणि मग ही वाट बंद. आठ वर्षांचं साचलेलं सगळं एकदम वर आलं.

"मी उचलायला हवा होता फोन."

"हो... उचलायला हवा होतास..."

"लॉकरमध्ये होता गं. मला माहीतच नव्हतं. तू पडलीस, लागलं असेल ना डोक्याला?"

"पडले... खूप लागलं डोक्याला..."

"मला सांगायचं होतं ना काहीतरी तुला? काय सांगायचं होतं?"

ती हसली. काळोखात तिचे दात दिसले. "सांगते ना... एवढी घाई कसली..."

दाराच्या बाजूने ओल्या केसांचा वास आला, साबणाचा आणि पाण्याचा. सहदेवला तो जाणवला, ओळखीचासुद्धा वाटला, पण त्याने मान वळवली नाही. त्याचं सगळं लक्ष खाटेवर होतं. शीलाची बोटं चादर ओरबाडत होती. जबडा एका बाजूला ओढला जात होता. उजवा पाय चादरीखाली झटके देत होता. तो हे बघत होता. पाच मिनिटं झाली होती की दहा, त्याला सांगता आलं नसतं. बेल त्याच्या मुठीत होती आणि मूठ घामाने ओली झाली होती.

"ऑपरेशन झाल्यावर तू येणार नाहीस."

"नाही येणार..."

"मग?"

"मग तूच सांग ना... राहा म्हण..."

"राहा," सहदेव म्हणाला.

"पुन्हा म्हण..."

"राहा, रुपाली. जाऊ नकोस. इथंच राहा."

"राहते..." ती म्हणाली. आवाज आता तिच्या ओठांतून येत नव्हता असं त्याला वाटलं. ओठ तर आवळले गेले होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं, ट्यूब लागली आणि ऐश्वर्या ट्रे घेऊन धावत आत आली. तिने एका नजरेत सगळं बघितलं. "अहो काका, हे काय!" सुई, बाटली, मशीन. आकडा आला सव्वीस. तिने ओरडून दुसरीला हाक मारली, नमुन्याचं रक्त ओढलं आणि लगेच शिरेतून ग्लुकोज सोडलं.

"आत्ताच झालं हे," सहदेव म्हणत होता. "आत्ताच. मी बेल दाबणारच होतो."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाच-सात मिनिटांनी शीलाच्या बोटांनी चादर सोडली. जबडा सैलावला. तिने डोळे उघडले, छताकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कितीवर आउट झाले हो?" तिने विचारलं.

सहदेव ओंजळीत तोंड घालून रडला. शीलाला वाटलं, तो तिच्यासाठी रडतोय. तिने पडल्या पडल्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यामुळे तो आणखीच रडला.

पुढचं सगळं सुरळीत झालं. रक्ताच्या तपासण्यांनी दुखणं पक्कं केलं, स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ सापडली आणि पंधरा दिवसांनी ती काढली. हरभऱ्याएवढी होती, साधीच होती, कॅन्सर नव्हता. ऑपरेशननंतर तासाभरातच साखर वर चढली आणि तिथेच राहिली. घरी आल्यावर सहदेवने सवयीने रात्री तीनचा गजर लावला आणि उठून बघितलं तर शीला गाढ झोपलेली. बोट टोचलं. एकशे आठ. त्याने गजर काढून टाकला. सुमतीअक्का येऊन बघून गेली आणि "शेवटी शुक्रवार फळाला आले," म्हणाली. तिच्याशी वाद घालायचं बळ सहदेवमध्ये नव्हतं. तो पहिल्यांदाच रात्रभर झोपत होता. रुपालीचा आवाज परत आला नाही. त्याला त्याचं वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. बायको वाचली, मेंदूला धक्का लागला नाही, आपण जे केलं ते कुणाला कळलं नाही. त्याने स्वतःला माफ करायला नुकती सुरुवात केली होती.

महिन्याने ऑपरेशनची जखम दाखवायला दोघं हॉस्पिटलात आले. शीला डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली आणि लिफ्टकडे निघाली. सहदेव कागद गोळा करत मागे राहिला. तेव्हा ऐश्वर्या भेटली.

"काय काका, मावशी एकदम फ्रेश दिसतायत! घाबरवलेलं ना त्या दिवशी सगळ्यांना?"

"तुम्ही वेळेवर आलात म्हणून," सहदेव म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

"मी कसली वेळेवर! मी तर हँडओव्हर देत होते. तुमच्याबरोबरच्या त्या बाई आल्या म्हणून. त्यांना थँक्यू म्हणा माझ्याकडून."

"कोण बाई?"

"त्या नाही का... ठेंगण्या, गाऊनवर ओढणी घेतलेली. केस ओले होते, टेबलावर पाणी ठिबकलं. माझ्या रजिस्टरचं पान फुगलंय बघा अजून." ऐश्वर्या हसली. "मी म्हटलं येते दोन मिनिटांत. तर हात जोडायला लागल्या हो. म्हणाल्या, शीलाला साखर लावा, ती जाईल. मी म्हटलं, अहो, नवरा बसलाय ना जवळ, तो बेल वाजवेल की. तर म्हणाल्या, सहदेव नाही वाजवायचा. तुम्ही पळा."

सहदेवने हातातले कागद छातीशी धरले. शेजाऱ्यांनी रुपालीला नेलं होतं ते तसंच. नुकती न्हायलेली, ओले केस, अंगावर घरातला गाऊन आणि लाज झाकायला कुणीतरी वरून टाकलेली ओढणी. कल्याणच्या हॉस्पिटलात त्याने तिला बघितलं ते त्याच वेशात.

"किती वाजता आलेल्या त्या?"

"सात-सव्वासात असेल. का हो?"

म्हणजे रुपाली बाहेर होती. तो खुर्चीत बसून "राहा, राहा" म्हणत होता तेव्हा रुपाली बाहेर टेबलाशी उभी राहून, हात जोडून, शीलासाठी धावाधाव करत होती. मग खाटेवरून बोलत होतं ते कोण? सहदेव एक-एक वाक्य आठवू लागला. दोन वर्षांत त्या आवाजाने त्याला एकही नवी गोष्ट सांगितली नव्हती. त्याच्या मनात जे असायचं तेच त्याच्याकडे परत यायचं. पडलीस का म्हटलं की पडले. लागलं का म्हटलं की लागलं. रुपालीचं नावसुद्धा त्या आवाजाने कधी आपणहून घेतलं नव्हतं. नाव सहदेवनेच दिलं होतं, आणि त्या संध्याकाळी, स्वतःच्या तोंडाने, राहायला जागाही त्यानेच दिली होती.

"काका? बरं वाटत नाहीये का?"

"अहो, चला ना!" लिफ्टमधून शीलाची हाक आली.

तो गेला. लिफ्ट मोठी होती, स्ट्रेचर मावेल एवढी, आणि आत शीलाशिवाय कुणी नव्हतं. पण शीला अगदी कोपऱ्यात, अंग चोरून, पिशवी पोटाशी धरून उभी होती, गर्दीत माणूस उभं राहतं तशी. सहदेव दाराशीच थबकला. तिने गोड हसून आणखी जरा भिंतीकडे सरकून घेतलं.

"या की," ती म्हणाली. "होईल जागा."